हुतात्मा आणि साक्षी

मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. शहापूर-मुरबाडच्या परिसरात या दोघांच्या नावांशी ‘हुतात्मा’ हे पद इतके घट्ट जडले आहे, की त्याचा अर्थ सहसा तपासला जात नाही. सावरकरांनी रूढ केलेल्या या शब्दात यज्ञाची कल्पना आहे. आणि आहुती म्हटली की ती निर्दोष असावी लागते. विजेचे मनोरे पाडणाऱ्या एका वकिलाच्या मनात कोणते द्वंद्व चालले असेल, हा प्रश्नच ते पद उद्भवू देत नाही. घातपात व गुप्तता गांधीजींनी १९४४ मध्ये सुटकेनंतर स्पष्टपणे नापसंत केली, हेही मग विस्मरणात जाते.

तीनच महिन्यांनी, ५ एप्रिल १९४३ रोजी, बर्लिनमध्ये डीट्रिख बोनहोफर या ल्यूथरन धर्मोपदेशकास अटक झाली. दोन्ही घटनांचा परस्परसंबंध नाही. परंतु आपले पद पारखण्यास याहून कठोर कसोटी क्वचितच सापडेल. १९३४ मध्ये गांधीजींच्या आश्रमात येऊ इच्छिणारा हा शांततावादी पुढे हिटलरच्या वधाचा बेत करणाऱ्यांत सामील झाला आणि लष्करी हेरखात्याच्या आडोशाने असत्य बोलत राहिला. तत्पूर्वी, १९३३ मध्ये, जुळ्या बहिणीच्या ज्यू सासऱ्याच्या अंत्यविधीत प्रवचन करण्याचे त्याने वरिष्ठाच्या सल्ल्यावरून टाळले होते. त्या भित्रेपणाची त्याला त्याच वर्षी लाज वाटली. १९४९ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या नीतिशास्त्रावरील त्याच्या ग्रंथाचे मर्म येथेच आहे. शेजाऱ्यासाठी दोष पत्करण्यास नकार देणारी सदसद्विवेकबुद्धि त्याच्या मते स्वतःच्या सोवळेपणातच गुंतलेली असते. असत्य व वध हे दोषच. ते पत्करावयाचे, त्यांचे समर्थन करावयाचे नाही, क्षमा देवाकडे सोपवावयाची. भक्तमंडळी नेमका हाच भाग हलकेच ओलांडतात, आणि ९ एप्रिल १९४५ च्या फाशीपासून उलट वाचीत जाऊन संत घडवितात.

ख्रिस्ती परंपरेतील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मात्र ‘साक्षी’ एवढाच. बायबलच्या मराठी भाषांतरात स्तेफनालाही हाच शब्द योजिला आहे. साक्षी निर्दोष असावा लागत नाही. त्याची साक्ष खरी असावी लागते, आणि तिची उलटतपासणी करता येते. हे पद सिद्धगडाला लावल्याने कोतवालांचे मोठेपण उणावत नाही. उलट, मनोरे पाडण्याचा निर्णय घेताना त्यांच्या दस्त्यात कोणता युक्तिवाद झाला असेल, हे विचारण्याची मोकळीक मिळते. हुतात्म्यास तो प्रश्न विचारणे अप्रशस्त ठरते.