उद्घाटनापुरते दालन

आपल्याकडे सरकारी कामाचा आरंभ नारळ फोडून होतो आणि पुष्कळदा शेवटही तिथेच होतो. कोनशिला बसते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. पुढे त्या वास्तूला कुलूप कधी लागले आणि किल्ली कोणाकडे राहिली, हे कोणी विचारत नाही. गावातल्या सभागृहाचे असे झाले तर आपण हळहळतो आणि गप्प बसतो. परंतु जगातल्या एका जुन्या आणि मातब्बर कलाप्रदर्शनात देशाच्या नावाने उभारलेल्या दालनाचेही असेच होत असेल, तर गप्प बसून कसे चालेल? विशेषतः त्या दालनात आपल्या माणसांची नावे लागलेली असताना?

इटलीतील व्हेनिस शहरात १८९५ पासून दर दोन वर्षांनी भरणाऱ्या ‘बिएनाले’ या प्रदर्शनाविषयी मी लिहितो आहे. इथे मुख्य प्रदर्शनाखेरीज निरनिराळे देश स्वतःची दालने मांडतात. जार्दिनी नावाच्या बागेत काही देशांच्या कायम बांधलेल्या इमारती आहेत. भारताची तशी इमारत नाही. बाकीचे देश आर्सेनाले या जुन्या जहाजबांधणीच्या आवारात किंवा शहरात इतरत्र जागा घेतात. भारताने तेच केले, पण फार उशिरा. भारतीय चित्रकार त्याआधीही व्हेनिसला गेले होते. मात्र एका संयोजकाने विचारपूर्वक रचलेले, देशाच्या नावाचे दालन उभे राहायला २०११ साल उजाडले.

मी व्हेनिस पाहिलेले नाही. म्हणून तिथल्या भिंतींवरच्या रंगरेषांचा निवाडा मी करणार नाही. मला बोलायचे आहे ते दालन चालवण्याच्या रीतीबद्दल, आणि ती तेरमध्ये बसूनही दिसते. शिक्षकाच्या हातात पहिले साधन असते हजेरीपट. तोच इथे उघडू. २०११ : हजर. २०१३ : गैरहजर. २०१५ : गैरहजर. २०१७ : गैरहजर. २०१९ : हजर. करोनामुळे एक वर्ष पुढे गेलेले २०२२ चे प्रदर्शन : गैरहजर. २०२४ : गैरहजर. सात वेळा नाव पुकारले, दोनदा ‘हाजिर’ ऐकू आले. अशा विद्यार्थ्याच्या बुद्धीबद्दल आपण शंका घेत नाही. त्याच्या घरी कोणी लक्ष देत नाही, असे म्हणतो.

बुद्धी कमी नव्हतीच. २०११ च्या दालनाचे संयोजक मुंबईचे कवी-समीक्षक रणजित होस्कोटे होते आणि ललित कला अकादमीने ते मांडले होते. होस्कोटे यांनी बाजारात गाजणारी नावे बाजूला ठेवली. गुवाहाटीची ‘डिझायर मशीन कलेक्टिव्ह’ ही जोडी, केरळमधून दिल्लीत आलेले गिगी स्कारिया, कोलकाता आणि अॅमस्टरडॅम अशा दोन शहरांत वावरणारे प्रणीत सोई, आणि अलिगढमध्ये १९३७ साली जन्मलेल्या, न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या झरीना हाश्मी, अशी त्यांची निवड होती. भारत म्हणजे केवळ नकाशातली हद्द नव्हे. स्थलांतर करणारे, सीमेवरचे, दोन घरांत विभागलेले लोकही भारतच आहेत, असा त्या निवडीचा अर्थ होता. एका राष्ट्रीय दालनाने हे म्हणावे ही लहान गोष्ट नाही.

झरीना यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. वडील अलिगढ मुस्लिम विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. फाळणीनंतर काही वर्षांनी कुटुंब कराचीला गेले. झरीना मात्र जगभर फिरत राहिल्या. ‘होम इज अ फॉरेन प्लेस’ ही त्यांची १९९९ ची ३६ काष्ठमुद्रांची मालिका प्रसिद्ध आहे. घर, उंबरठा, अंगण, सरहद, भाषा अशा एकेका कल्पनेसाठी एक उर्दू शब्द आणि त्याच्यावर अगदी मोजक्या काळ्या रेषा. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला या मालिकेचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. आमच्या वर्गात मूल प्रथम जे शब्द गिरवते, त्याच शब्दांतून या बाईंनी गमावलेल्या घराचा नकाशा काढला. ज्या भाषेला आपल्याच देशात ‘बाहेरची’ म्हणून हिणवले जाते, त्या भाषेत घर शोधणारी कलावंत भारताच्या दालनात भारताच्या नावाने उभी होती.

यातले आपल्यापर्यंत काय पोहोचले? महाराष्ट्रातल्या किती उर्दू शाळांत झरीना यांचे नाव माहीत आहे? किती मराठी मासिकांनी त्यांच्यावर लिहिले? २५ एप्रिल २०२० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. टाळेबंदीचे दिवस होते हे खरे. पण ती बातमी आपल्या घरात शिरली नाही याचे कारण फक्त टाळेबंदी नव्हते. दालन उठले तेव्हा त्याच्याबरोबरचा विचारही उठला. पुढच्या वेळी ते कोणी मांडायचे, कोणत्या कार्यालयाने, कोणत्या तरतुदीतून, हे ठरवणारी घडीच बसवली गेली नाही.

त्याच २०११ सालचा आणखी एक योग विसरता येत नाही. बिएनाले ४ जूनला लोकांसाठी उघडले. ९ जूनला मकबूल फिदा हुसेन लंडनमध्ये वारले. पंढरपुरात जन्मलेला हा चित्रकार २००६ पासून देशाबाहेर होता आणि २०१० मध्ये त्याने कतारचे नागरिकत्व घेतले होते. एकीकडे देशाने ‘भारत’ या शब्दाचा अर्थ मोठा करून जगापुढे ठेवला आणि त्याच आठवड्यात त्या अर्थात न मावलेला म्हातारा परदेशी मातीत गेला. यात होस्कोटे यांचा दोष नाही. दालनापुरती उदारता आणि देशापुरती उदारता यांत किती अंतर असते, एवढेच यातून दिसते.

मधल्या काळात २०१५ मध्ये एक वेगळी गोष्ट घडली. भारत आणि पाकिस्तान दोघांचेही राष्ट्रीय दालन नव्हते. तेव्हा गुजराल फाउंडेशन या खासगी संस्थेने मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि लाहोरचे रशीद राणा यांना व्हेनिसमध्ये एका छताखाली आणले. जे दोन सरकारांना जमले नसते, ते एका संस्थेने केले. याचे कौतुकच आहे.

२०१९ चे दालन गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त होते. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालय, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, उद्योजकांची संघटना आणि किरण नाडर कला संग्रहालय असे बरेच हात त्याला लागले. संयोजक होत्या रुबिना करोडे. नंदलाल बोस, हुसेन, अतुल दोडिया, जितीश कल्लाट, शकुंतला कुलकर्णी, जी. आर. इरण्णा, आशिम पुरकायस्थ आणि रुमाना हुसेन अशी आठ नावे होती. देशाबाहेर मरण पावलेले हुसेन आठ वर्षांनी देशाच्या दालनात आले, ही समाधानाची बाब. परंतु माझा आक्षेप दालनाच्या निमित्ताला आहे. जयंती हे निमित्त चांगले. पण दालनाचा पायाच जयंती असेल तर जयंती सरली की दालन सरते. तसेच झाले.

निमित्ताचा दुसरा तोटा कलाकृतींना होतो. रुमाना हुसेन यांचे उदाहरण घ्या. ६ डिसेंबर १९९२ नंतर त्यांची चित्रभाषाच बदलली. फुटलेली मातीची भांडी, त्यांचे तुकडे हे त्यांचे साहित्य झाले. एका मुसलमान स्त्रीने आपल्या आयुष्यातली फूट मातीत दाखवली. १९९९ मध्ये त्या गेल्या. त्यांचे काम ‘जिव्हाळ्याच्या भविष्यकाळा’च्या शीर्षकाखाली ठेवले की पाहणाऱ्याला सांत्वन मिळते, पण तो घाव कोणत्या दिवसाचा हे ठळक राहत नाही. गांधींच्या नावाने तर ते अधिक स्पष्ट व्हायला हवे होते. नोआखालीत अनवाणी चाललेल्या माणसाला घावाचे नाव घेण्याचे भय नव्हते.

कोणी म्हणेल, ज्या देशात शाळांना छप्पर नाही त्याने व्हेनिसमध्ये भिंती कशाला भाड्याने घ्याव्यात? शाळेतला माणूस म्हणून मला हा प्रश्न कळतो. पण पैसा वाचवला जातो आहे असे कुठे आहे? दर वेळी नवे खाते, नवे भागीदार, नवी धावपळ, हाच महागडा मार्ग आहे. घाईचे फळ २०२५ मध्ये जपानमधल्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात दिसले. प्रदर्शन १३ एप्रिलला उघडले. भारताचे दालन १ मेला. अठरा दिवस जगभरचे पाहुणे बंद दारावरून पुढे गेले. तारीख काही वर्षे आधी ठाऊक होती.

दुसरे कोणी म्हणेल, सरकारला जमत नसेल तर श्रीमंतांच्या संस्था करतीलच. करतातही. २०२४ मध्ये भारताचे दालन नसताना किरण नाडर संग्रहालयाने हुसेन यांच्यावर स्वतंत्र प्रदर्शन व्हेनिसमध्ये भरवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर दोहा येथे हुसेन यांच्या नावाचे संग्रहालयच उघडले. पंढरपूरच्या पोराचे घर दोहात! आनंद मानावा की शरम, कळत नाही. खासगी संस्थेची मेहरबानी ही मेहरबानीच असते. ती मिळाली म्हणून नागरिकाचा हक्क पुरा होत नाही. ‘हा आमचा’ असे धनिकाने म्हणणे आणि देशाने म्हणणे यांत फरक आहे. ज्यांचे स्थान देशात पक्के आहे, त्यांचे एका दालनावाचून अडत नाही. ज्यांना वरचेवर ओळखपत्र दाखवावे लागते, त्यांच्यासाठी देशाची ही ओळ मोलाची असते. म्हणून दालन दुर्लक्षिले की पहिले नुकसान आपले होते.

निगराणी म्हणजे काय, हे शिकायला दूर जावे लागत नाही. आमचे तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत तगरचे आणि इथून भडोचकडे जाणाऱ्या कापडाचे उल्लेख आहेत. पॉम्पेईत १९३८ साली सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तेरच्या हस्तिदंती बाहुलीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणजे इटलीत आमचे दालन दोन हजार वर्षांपूर्वीच लागले होते! ती बाहुली, मातीचे दिवे, मणी, नाणी आज आपण पाहतो ती रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसाच्या छंदामुळे. कोणत्याही जयंतीची वाट न पाहता ते गोळा करीत राहिले, जपत राहिले. आज शासकीय संग्रहालयाला त्यांचे नाव आहे. राष्ट्रीय दालनाला असा एक लामतुरे हवा.

तेर हे गोरोबाकाकांचेही गाव. संतांच्या डोक्यावर थापटणे मारून कोण पक्के, कोण कच्चे हे त्यांनी सांगितल्याची कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. दालनाचीही परीक्षा अशीच आहे : दिवे मालवल्यावर हाती काय उरले?

२०२६ च्या बिएनालेसाठी भारताने पुन्हा दालन जाहीर केले आणि घराची आठवण हा त्याचा विषय ठरवला. चांगले झाले. पण घराची आठवण झरीना यांनी आधीच काढून ठेवली आहे, ही आठवण किती जणांना आहे? म्हणून मागणे साधे आहे. दालनासाठी एकच कायम जबाबदार कार्यालय असावे आणि निवड दोन वर्षे आधी व्हावी. प्रत्येक दालनाची पुस्तिका मराठी, उर्दूसह भारतीय भाषांत निघावी. प्रदर्शन परतल्यावर त्याच्या चांगल्या प्रतिकृती सोलापूर, नागपूर, मालेगाव अशा शहरांत आणि शाळांत फिराव्यात. मालेगावच्या एखाद्या मुलीने भिंतीवर आपल्या लिपीतला शब्द पाहावा आणि खाली देशाचे नाव वाचावे. दालन जगाला दाखवण्यासाठी असते, हे मान्य. पण ते आधी तिला दिसले पाहिजे.