दुभाष्याने कुठे बोलावं?

१९०८ सालच्या टिळकांच्या राजद्रोह खटल्यावर आपण पुष्कळ भाषणं ऐकतो, पण त्यातला भाषांतराचा मुद्दा बाजूलाच राहतो. ‘केसरी’चे लेख मराठीत. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. त्यांच्यापुढे होतं ते सरकारी इंग्रजी भाषांतर. टिळकांनी त्यावरच हरकत घेतली, भाषांतरकाराची उलटतपासणी केली. तरी सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. सहा वर्षांची शिक्षा झाली.

‘जुलमी’ हा एकच शब्द घ्या. इंग्रजीत नेताना ‘सक्तीचा’पासून ‘अत्याचारी’पर्यंत कुठलीही छटा निवडता येते. माझा आक्षेप निवडीवर नाही, ती करावीच लागते. पण ती ऐकणाऱ्यापासून लपली, की दुभाषीच निकाल देऊन बसतो. ‘याचा दुसराही अर्थ होतो’ असं सांगणं म्हणजे बाजू घेणं नव्हे.

आता आपल्या सणसरकडे या. ऊसतोडीला आलेली, बंजारा बोलणारी बाई आजारी पडली आणि डॉक्टरांपुढे तिच्या वतीनं मुकादमच बोलू लागला, तर? ज्याची उचल तिच्या कोयत्यावर फिटायची आहे, त्यानं तिचा दुभाषी होऊ नये. भाषा येते एवढ्यानं भागत नाही.