मसाल्याच्या व्यापाऱ्याची मुलं कुठे आहेत?

भारतातल्या बहुभाषिकतेवर वाचायला घेतलं की लवकरच एक माणूस भेटतो. मुंबईतला गुजराती मसाल्याचा व्यापारी. घरी काठियावाडी वळणाची गुजराती, भाजीबाजारात मराठी, दूधवाल्याशी हिंदुस्तानी, धंद्यातल्या लोकांशी कच्छी आणि कोकणी, आणि एखाद्या औपचारिक प्रसंगी थोडी इंग्रजी. भाषाशास्त्रज्ञ प्रबोध पंडित यांनी १९७० च्या दशकातल्या लिखाणात हे उदाहरण दिलं आणि तेव्हापासून ते पेपरांमधून फिरतंय.

उदाहरण चांगलंच आहे. अमेरिका-युरोपातल्या अभ्यासांत स्थलांतरितांची भाषा दोन-तीन पिढ्यांत जाते, हेच स्वाभाविक धरलं जायचं. पंडितांनी ते उलटं केलं. आपल्याकडे परप्रांतात पिढ्यानपिढ्या राहूनही लोक आपली भाषा सोडत नाहीत, भाषा टिकणं हाच इथला नियम आहे, असं ते म्हणाले. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूश झालो होतो.

पण याच मांडणीचा एक घरगुती अवतार आहे. 'आपल्याकडची पोरं भाषा आपोआप शिकतात, मुद्दाम काही करावं लागत नाही.' आईबाप हे म्हणतात, शिक्षक म्हणतात, आणि आम्ही संशोधकही कधीकधी म्हणतो. माझी तक्रार या 'आपोआप'बद्दल आहे. त्या व्यापाऱ्याचं उदाहरण नीट पाहा. त्यात बाजार आहे, दूधवाला आहे, पेढी आहे. मुलं मात्र नाहीत. ती कुठल्या शाळेत जातात, बापाने गुजरातीत विचारलं तर कुठल्या भाषेत उत्तर देतात, काही कळत नाही.

वांद्र्यात काय दिसतं

पंडितांच्या मापाने वांद्रे म्हणजे स्वर्ग. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी हिंदी, बाजारात मराठी, सोसायटीत कोकणी, सिंधी, गुजराती, मल्याळम, आणि कॅफेत इंग्रजी. तरीही याच वांद्र्यात रानवार, चिंबई, पाली या गावठाणांतल्या कितीतरी घरांतून एक मराठी दोन-तीन पिढ्यांत उंबऱ्याबाहेर गेली. ती म्हणजे ईस्ट इंडियन समाजाची मराठी.

हे लोक इथलेच, उत्तर कोकणातले. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, आडनावं बदलली, पण बोली मराठीच राहिली, तिच्या स्वतःच्या वळणाची. पुढे इंग्रजांच्या काळात गोवा आणि मंगळूरकडचे ख्रिस्ती नोकऱ्यांसाठी मुंबईत येऊ लागले. त्यांचीही आडनावं पोर्तुगीजच. आपण वेगळे, आपण इथले, हे सांगायला या समाजाने ईस्ट इंडिया कंपनीवरून नाव घेतलं आणि १८८७ मध्ये बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. इंग्रजी शाळा होत्या, इंग्रजीत नोकऱ्या होत्या, आणि हळूहळू इंग्रजी स्वयंपाकघरापर्यंत पोचली.

अशा घरांत अनेकदा दिसणारं चित्र असं: आजी बोली बोलते, आईला कळते पण ती उत्तर इंग्रजीत देते, आणि नातवाकडे उरतात फक्त नावं. बॉटल मसाला, फुगियास, लुगरं, लग्नातलं उंबराचं पाणी. नामं टिकली, क्रियापदं गेली. नातवाला आजीच्या हातचं काय काय आवडतं ते तिच्या शब्दांत सांगता येतं, पण तिचे गुडघे दुखतायत का हे तिच्या भाषेत विचारता येत नाही.

मराठी कुणी बंद केली नव्हती. ती रस्त्यावर आहे, राज्याची भाषा आहे. म्हणजे बाजारात भाषा असणं आणि घरात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्यापाऱ्याच्या चित्रात त्या एकच वाटतात, कारण त्याच्या घरात गुजराती आहे हे आपण न विचारताच धरून चालतो.

भाषा टिकायची ती कशाच्या जोरावर?

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगलीजवळच्या कुपवाडवर एक गाजलेला पेपर लिहिला. गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि थोडी तेलुगू. शतकानुशतकं एकत्र राहून या भाषांचं व्याकरण इतकं जवळ आलं की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर व्हावं. तरी भाषा एक झाल्या नाहीत. कारण घरची भाषा ही समाजाची, जातीची खूण होती. जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू.

खरं सांगायचं तर 'आपोआप'चं रहस्य इथे आहे. भाषा टिकत होती, कारण लग्नं समाजातच होत होती आणि घरातली सगळी मोठी माणसं मुलाशी एकच भाषा बोलत होती. आपण ज्या बहुभाषिकतेचं कौतुक करतो, तिच्या पायात ही भिंत होती. आज वांद्र्यात ईस्ट इंडियन-गोवन, मराठी-तमिळ, गुजराती-मल्याळी अशी घरं आहेत. भिंत पडली याचा मला आनंदच आहे. पण मग तिने केलेलं काम आता कुणीतरी जाणूनबुजून करायला हवं, आणि ते बहुतेकदा आईच्या गळ्यात पडतं.

यावर पालकांना मिळणारा सल्ला म्हणजे 'एक पालक, एक भाषा'. तो फ्रान्सच्या ज्यूल राँझाकडून आला. १९१३ च्या पुस्तकात त्यांनी आपल्या मुलाची नोंद ठेवली: बाप फ्रेंच बोलणार, आई जर्मन. नियम सोपा, म्हणून लोकप्रिय. पण ॲनिक द हाऊवर यांनी बेल्जियमच्या डचभाषक भागात १,८९९ कुटुंबांची पाहणी करून २००७ मध्ये जे छापलं, ते आईबापांनी वाचावं असं आहे. दोघं पालक घरात फक्त आपली अल्पसंख्य भाषा बोलतात, तिथे जवळजवळ ९७ टक्के कुटुंबांत मुलंही ती बोलतात. दोघंही ती बोलतात आणि एक जण सोबत डचही बोलतो, तिथे ९३. काटेकोर 'एक पालक, एक भाषा' पाळली, तर ७४. आणि एक पालक दोन्ही बोलतो, दुसरा फक्त डच, तिथे सुमारे ३६.

म्हणजे भाषांची सरमिसळ हा मुख्य शत्रू नाही. घरात ती भाषा किती तोंडांतून येते, हे महत्त्वाचं. नियम पाळूनही चारातल्या एका घरात मूल ती भाषा बोलत नाही, तेव्हा दोष आईच्या शिस्तीचा नसतो.

अर्थात हा आराखडाही वांद्र्याला पुरता बसत नाही. त्यात मोजले आहेत ते पालक. आजी, घरकामाला येणाऱ्या मावशी, शेजारची काकू नाहीत. शिवाय भाषांच्या उतरंडीचा प्रश्न आहेच. अजित मोहंती याला दुहेरी दरी म्हणतात: एक इंग्रजी आणि राज्यांच्या भाषांमधली, दुसरी राज्यांच्या भाषा आणि छोट्या भाषांमधली. ईस्ट इंडियन आजीची बोली दोन्हींच्या खाली सापडली. इंग्रजीपुढे ती मागासलेली, आणि प्रमाण मराठीपुढे 'अशुद्ध'. हा दुसरा हात आपला, म्हणजे आम्हा प्रमाण मराठीवाल्यांचा आहे.

म्हणून पंडितांचा व्यापारी मी टाकून देणार नाही. एक माणूस अनेक भाषांत सहज जगतो, हे त्याने दाखवलं आणि ते खरंच आहे. पण मूल वाढवणाऱ्यांना त्याच्याकडे बोट दाखवून 'होईल आपोआप' म्हणणं थांबवू या. त्याऐवजी घरात एक साधी गोष्ट बघावी: या भाषेत मुलाशी रोज बोलणारी माणसं किती, आणि ती माणसं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलतात? माणूस एकच असेल, तर दुसरं शोधावं. बहुतेक वेळा ते आतल्या खोलीत बसलेलं असतं आणि नातवाशी तोडक्यामोडक्या इंग्रजीत बोलायचा प्रयत्न करत असतं. त्याला एवढंच सांगायचं, 'आजी, तू तुझ्या भाषेतच बोल.'