घड्याचंही नाव

कोड रिव्ह्यूमध्ये माझी एक ठरलेली कुरकुर असते: जे दिसतंच आहे, त्यावर कमेंट लिहू नका. फ्लोरेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या ‘फ्रांस्वा पात्रा’चे फोटो मोबाइलवर झूम करून बघताना तीच कुरकुर मनात आली. इ.स.पू. ५७०च्या सुमाराचं, ६६ सेंटिमीटर उंचीचं हे अथेन्सचं पात्र. एर्गोतिमोसने घडवलं, क्लेइतियासने रंगवलं. देव, वीर, घोडे यांची गर्दी आणि अनेकांशेजारी नाव. त्यातच जमिनीवर पडलेल्या एका घड्यापाशी लिहिलंय: ‘हिद्रिया’. अरे, घडा आहे हे दिसतंय की!

हिद्रिया म्हणजे ग्रीकांचा पाण्याचा घडा. त्याला तीन कान: दोन आडवे, उचलायला, एक उभा, ओतायला. बायका रिकामा घडा डोक्यावर आडवा ठेवत, भरलेला चुंबळीवर उभा.

पुढे त्याच शतकाच्या अखेरीस अथेन्सच्या चित्रकारांनी पाणवठ्यावरच्या बायका हिद्रियांवरच रंगवल्या. खांब, सिंहाच्या तोंडातून पडणारी धार, चापूनचोपून नेसलेली वस्त्रं. सुंदर आहेत ही चित्रं, पण मला जाहिरातीसारखी वाटतात. घडे भरतात, मान कुणाचीच अवघडत नाही. त्या पाण्याला वजनच नाही.

क्लेइतियासचा घडा मात्र पडलाय. ट्रॉयची राजकन्या पोलिक्सेना पाण्याला आलीय, सोबत भाऊ त्रोइलोस. दबा धरून बसलेला अकिलीस मागे लागतो. ती घडा टाकून पळते, तो भावाच्या घोड्यांखाली पडतो. पाणी कोटाबाहेर होतं, म्हणून अकिलीसला ही संधी मिळाली.

आणि हे पात्र स्वतः कशाचं? वाइनमध्ये पाणी मिसळायचं. ग्रीक लोक मेजवानीत निव्वळ वाइन पीत नसत. म्हणजे प्रत्येक प्याल्यात कुणीतरी वाहून आणलेलं पाणी होतंच.

क्लेइतियासने पाणवठ्याला आणि राजा प्रियामच्या आसनालाही नाव दिलंय. त्यामुळे हा सगळा विचार त्याच्या मनात होता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण परिणाम होतो. वीरांची नावं वाचत जाणारी नजर घड्यापाशी अडखळते, आणि घडा वाचला की तो कुणाच्या हातातून पडला हे शोधावं लागतं.

माझ्या रिव्ह्यूमध्ये मी ही कमेंट खोडली असती. चूक झाली असती.