साखरेचा आकडा आणि हृदयाचं अनुमान

आज आपण औषधाची नाही, औषधामागच्या युक्तिवादाची चिकित्सा करणार आहोत. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, डॉक्टर नव्हे. पण मधुमेहाची गोळी रोज आम्हीही घेतो. त्यामुळे हा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही.

युक्तिवाद असा: मधुमेहात हृदयाच्या रक्तवाहिन्या बिघडतात, गोळीने साखर उतरते, म्हणून गोळीने हृदय वाचतं. ऐकायला किती सरळ! पण न्यायशास्त्र विचारतं, इथे व्याप्ती कुठे आहे? धूर असला की अग्नी असतोच. अग्नी आहे म्हणून धूर असेलच असं नाही. त्याला ओलं लाकूड लागतं.

रोसिग्लिटाझोन बघा. १९९९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. साखर ते उतरवायचं. २००७ मध्ये निस्सेन आणि वोल्स्की यांनी ४२ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे ४३ टक्के जास्त दिसला. २०१० मध्ये भारताने त्यावर बंदी घातली. गंमत म्हणजे, एका मोठ्या चाचणीच्या फेरतपासणीनंतर अमेरिकेने २०१३ मध्ये निर्बंध सैल केले. म्हणजे भीतीचा निष्कर्षही घाईने काढायचा नसतो.

मग २००८ मध्ये ‘अ‍ॅकॉर्ड’ चाचणीत, साखर अधिक कडकपणे उतरवलेल्या गटात २५७ मृत्यू, दुसऱ्यात २०३. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध नियामकाने सांगितलं: नव्या औषधाने हृदयाला अपाय होत नाही, हेही दाखवा.

त्यातून २०१५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचा निकाल आला. हृदयरोग असलेल्या मधुमेहींत हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू ५.९ टक्क्यांवरून ३.७ वर आले. आणि दोन गटांतल्या साखरेतला फरक? थोडाच! म्हणजे लाभ मुख्यतः साखरेच्या वाटेने आलेला दिसत नाही. ज्या हेतूमागून साध्य कधी येतं, कधी येत नाही, त्याला नैयायिक सव्यभिचार म्हणतात. साखरेचा आकडा हा तसा हेतू.

आता आमचा आक्षेप जाहिरातीच्या भाषेवर. ‘मृत्यू ३८ टक्क्यांनी घटले’ हे खरं. ‘शंभरात साधारण दोन वाचले’ हेही खरं, आणि तेही सुमारे तीन वर्षांत. दोन माणसं म्हणजे थोडी नव्हेत. पण ऐकणाऱ्याला दोन्ही वाक्यं मिळायला हवीत. शिवाय ज्यांना हृदयरोग नाही, त्यांना हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही.

म्हणून उद्या गोळी बंद करू नका हं! साखरही मोकाट सोडू नका. डोळे आणि मूत्रपिंडं तिच्यावरच अवलंबून आहेत. फक्त डॉक्टरांना आणखी एक प्रश्न विचारा: ‘साखर उतरली, ठीक, माझ्या हृदयाचं काय?’

आता तुमचे प्रश्न घेऊ.