डबेवाल्यांची अचूकता आणि व्यवस्थापनशास्त्राची समजूत

व्यवस्थापनशास्त्राच्या अध्यापनात मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण आता रूढ झाले आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा उपनगरांतील घराघरांतून सकाळी गोळा केलेले जेवणाचे डबे दुपारच्या सुट्टीपूर्वी फोर्टातील कचेऱ्यांत पोचतात, आणि रिकामे होऊन दिवस मावळण्यापूर्वी आपापल्या घरी परततात. या व्यवहारात चूक जवळजवळ होत नाही, असे सांगितले जाते. त्याला जोडून ‘एक कोटी साठ लाखांत एक चूक’ हा आकडा आणि ‘सिक्स सिग्मा’ ही पदवीही येते. डबेवाल्यांची थोरवी कमी लेखण्याचे येथे प्रयोजन नाही. ज्या वाङ्मयाने ही थोरवी गायिली, त्याने त्यांच्या संघटनेत काय पाहिले आणि काय नजरेआड केले, एवढेच तपासावयाचे आहे.

प्रथम आकड्याचा विचार करू. त्याचा उगम १९९८ साली ‘फोर्ब्ज’ नियतकालिकात आलेल्या सुब्रत चक्रवर्ती यांच्या लेखात आहे. आपण हा आकडा कसा काढला, हे चक्रवर्तींनी पुढे स्वतःच सांगितले. ‘चुका किती होतात?’ असे त्यांनी संघटनेच्या प्रमुखांना विचारले. ‘जवळजवळ नाहीतच, फार तर दोन महिन्यांत एखादी,’ असे उत्तर मिळाले. रोजचे सुमारे पावणेदोन लाख डबे धरून त्यांनी गुणाकार केला आणि परतीचा प्रवास मिळवून तो दुप्पट केला. ‘सिक्स सिग्मा’ हा शब्द आपण वापरलाच नव्हता, असेही त्यांनी स्पष्ट केले. मोटोरोला कंपनीत १९८६ साली आकारास आलेल्या या पद्धतीत दहा लाख संधींमागे ३.४ दोष ही मर्यादा मानली जाते. परंतु तिचा खरा गाभा प्रत्येक दोषाची नोंद, मापन आणि कारणमीमांसा हा आहे. या आकड्यामागे अशी कोणतीही नोंद नाही. ज्याला मापन समजले गेले, ते वस्तुतः एका व्यवसायाच्या प्रमुखाने आपल्या लौकिकाविषयी दिलेले अभिमानाचे उत्तर होते. ते खोटे होते असे मानण्याचे कारण नाही. मात्र अभिमानाच्या उत्तराला प्रमाणपत्राचे रूप देणे हा शास्त्राचा दोष आहे.

आकडा बाजूला सारला तरी अचूकता उरतेच, आणि तिची मीमांसा करावी लागते. या बाबतीत डब्याच्या झाकणावरील सांकेतिक चिन्हांचे कौतुक फार झाले आहे. पार्ल्याच्या एका डब्याचे बहुधा दिले जाणारे उदाहरण घेतल्यास, ‘व्हीएलपी’ ही अक्षरे उपनगर दाखवितात, ‘ई’ हे डबा उचलणाऱ्या माणसाचे चिन्ह असते, ‘३’ हा आकडा उतरण्याचे स्थानक सांगतो, आणि ‘९ ईएक्स १२’ यावरून पोचविणारा माणूस, एक्सप्रेस टॉवर्स ही इमारत व तिचा बारावा मजला कळतो. घरमालकाचे नाव वा पत्ता त्यात नसतो. सकाळी डबा कोणत्या दारातून उचलला, हे उचलणाऱ्याच्या स्मरणात असते. म्हणजे ही खूण अपुरी आहे, आणि माणूस तिला पुरी करतो. एक माणूस साधारणपणे तीसचाळीस दारे सांभाळतो. तो गैरहजर राहिला तर त्याची दारे ठाऊक असलेला गटातील दुसरा माणूस उभा राहतो. अचूकतेचे मूळ शोधावयाचे ते या गटात.

हार्वर्डच्या स्टीफन थॉम्के यांनी २०१० च्या आपल्या अभ्यासात आणि २०१२ च्या लेखात ही गोष्ट बऱ्याच अंशी ओळखली. संघटन, व्यवस्थापन, कार्यपद्धती आणि संस्कृती या चार अंगांचा परस्परांशी असलेला मेळ त्यांनी दाखविला. आकड्याच्या दंतकथेपेक्षा हे विवेचन निश्चितच वरच्या दर्जाचे आहे. तथापि, सामान्य माणसांकडून असामान्य सेवा कशी मिळवावी, हा प्रश्न मनात धरून ते लिहिलेले असल्यामुळे, ती सेवा देणाऱ्याच्या पदरात काय पडते, हा प्रश्न मागे राहतो.

महादू हवाजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास आरंभलेल्या या व्यवसायाचा न्यास १९५६ साली आणि संघ १९६८ साली नोंदला गेला. त्यातील माणूस नोकर नसतो. नवागताने काही काळ उमेदवारी करावी, ठरलेली रक्कम भरून गटाचा भागीदार व्हावे, मुकादमाच्या देखरेखीखाली काम करावे, आणि खर्च वजा जाता उरणारे उत्पन्न सर्वांनी सारखे वाटून घ्यावे, अशी रीत आहे. बहुतेक माणसे मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतील, एकमेकांच्या नात्यागोत्यातील, पुष्कळशी वारकरी. डबा चुकला तर लाज गावापर्यंत पोचते. कोणत्याही पर्यवेक्षकापेक्षा हा धाक मोठा. परंतु ज्या बंधनातून हा विश्वास निर्माण होतो, तेच बंधन दारही लावून घेते. परक्यास आणि स्त्रियांस येथे प्रवेश फार थोडा. ही पद्धत कोणत्याही कंपनीने उचलावी असे सुचविणारे अभ्यासक या किमतीचा हिशेब क्वचितच मांडतात.

स्वामित्वाची दुसरी किंमत मार्च २०२० मध्ये दिसून आली. लोकल गाड्या सर्वसामान्यांसाठी थांबल्या, कचेऱ्या घरी आल्या, आणि डबा नेण्याचे कारणच उरले नाही. गिरणी बंद पडली तर कामगाराला मालकाच्या दारी हक्क सांगता येतो, निदान भांडता तरी येते. डबेवाल्याचा मालक तो स्वतःच. त्याने कोणाशी भांडावे? सर्व उत्पन्न वाटून घेण्याच्या रीतीत आपत्काळासाठी मोठी गंगाजळी साठण्यास वाव नव्हता. पुष्कळजण गावी परतले, काहींनी मिळेल ते काम धरले. त्यापूर्वीच परिस्थितीचा ओघ बदलू लागला होता. अंधेरीत १९७३ साली सीप्झ सुरू झाले, पुढे वांद्रे-कुर्ला संकुल आणि पवई येथे कचेऱ्या वाढल्या. उपनगरातून दक्षिणेकडे जाणाऱ्या सकाळच्या एकमार्गी गर्दीवर उभारलेली व्यवस्था त्यामुळे मुळाशीच हलली. संघटनेतील परिवर्तनाचा अभ्यास करावयाचा तर खरा विषय हा होता. अचूकतेचा गौरव करणाऱ्या वाङ्मयाने तो जवळजवळ हाताळला नाही.

आज त्याच उपनगरांतील रस्त्यांवर मोबाईलवरून मागविलेले अन्न पोचविणारे तरुण दिसतात. कंपन्या त्यांनाही ‘पार्टनर’ म्हणतात. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने अशा श्रमिकांचा स्वतंत्र वर्ग मान्य केला. परंतु दर ठरविण्यात, काम वाटण्यात किंवा सोबत्याला कामावरून दूर करण्याच्या निर्णयात त्यांचा शब्द चालत नाही. डबेवाल्याला ही सत्ता होती आणि सुरक्षा नव्हती. या तरुणाला सत्ता नाही, आणि सुरक्षा अद्याप अपुरीच आहे. दोघांनाही भागीदार हे एकच नाव देऊन त्यांतील भेद पुसणे मनुष्यबळाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही.

तात्पर्य, डबेवाल्यांच्या उदाहरणाचे अध्यापन थांबविण्याचे कारण नाही; ते पुरे करावयास हवे. चूक किती झाली या प्रश्नाइतकेच, निर्णय कोण घेतो, उत्पन्न कसे वाटले जाते आणि काम बंद पडले त्या दिवशी घर कोण चालवितो, हे प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवले गेले पाहिजेत. आजवरच्या वाङ्मयात पहिल्या प्रश्नाचे उत्तर फुगवून आलेले आहे, आणि शेवटच्या प्रश्नाला अद्याप कोणी हात घातलेला दिसत नाही.