आत्मोपहासाची लक्षणा : हौशी मंडळींच्या साधनभाषेविषयी

हौशी मंडळींच्या बोलीचा विचार सहसा दोन अंगांनी होतो. एक तर ती शास्त्रीय परिभाषेची सैल, घरगुती आवृत्ती मानली जाते, किंवा समूहातील आणि समूहाबाहेरील माणसांत भेद करणारी सांकेतिक भाषा मानली जाते. दोन्ही विचार खरे असले तरी अपुरे आहेत. साधनांना ठेवलेल्या लाडिक आणि टवाळ नावांतून एक नैतिक व्यवहारही चालू असतो. खरेदीच्या इच्छेवर इतरांनी घ्यावयाचा आक्षेप हौशी माणूस स्वतःच विनोदाने उच्चारतो आणि त्यातील धार काढून घेतो. इंग्रजी बोलणारे छायाचित्रकार आणि गिटारवादक यांच्या तीन शब्दांच्या आधारे हा व्यवहार तपासता येईल.

पहिला शब्द ‘ग्लास’, म्हणजे काच. छायाचित्रकार लेन्सला सरसकट ‘ग्लास’ म्हणतात. ‘कॅमेऱ्यापेक्षा काचेत पैसे गुंतवा’ हा नवख्याला हमखास मिळणारा सल्ला. ही उघडच लक्षणा आहे. आपल्या काव्यशास्त्राने लक्षणेचे रूढीमूलक आणि प्रयोजनमूलक असे भेद केले. ‘गंगेवर वाडी आहे’ असे म्हणताना काठाचा अर्थ तर लागतोच, शिवाय शीतलता आणि पावित्र्य यांची प्रतीती होते. तेच त्या लक्षणेचे प्रयोजन. मग ‘काच’ म्हणण्याचे प्रयोजन कोणते? या शब्दाबरोबर कंपनीचे नाव, क्रमांक आणि किंमत गळून पडतात व उरते केवळ द्रव्य. दुकानातून आणलेला तयार माल कारागिराच्या कच्च्या मालासारखा भासू लागतो, आणि ‘गुंतवा’ हे क्रियापद जोडताच खर्चालाही बचतीची प्रतिष्ठा लाभते.

दुसरे नाव ‘निफ्टी फिफ्टी’. मराठी वाचकाला ‘निफ्टी’ म्हणताच राष्ट्रीय शेअर बाजाराचा १९९६ सालचा निर्देशांक आठवेल. येथे मात्र तो शब्द ‘चटपटीत, कामाचा’ या अर्थाने आला आहे. पन्नास मिलिमीटरच्या स्वस्त लेन्सला हे नाव मिळाले. कॅननने १९९० मध्ये आणलेली एफ १.८ लेन्स तिचा ठळक नमुना. वजन अवघे १३० ग्रॅम, कॅमेऱ्याला जोडली जाणारी कडीसुद्धा प्लास्टिकची. तिच्या झरोक्याला पाचच पाती असल्याने धूसर पार्श्वभूमीतले दिवे पंचकोनी उमटत. हिलाच ‘प्लास्टिक फँटॅस्टिक’ असेही म्हणत. या नावांतील उपहास प्रामाणिक आहे. वस्तूचे उणेपण तो झाकत नाही, आणि उणेपणासह तिची उपयुक्तताही सांगतो. जाहिरातीची भाषा जे कधी बोलणार नाही ते येथे एका यमकात किंवा अनुप्रासात बोलले जाते. या नावांतली व्यंजना जिवंत आहे, आणि ती वस्तूविषयी आहे.

तिसरा शब्द याच्या नेमका उलट दिशेला जातो. स्टीली डॅन या वाद्यवृंदाचे गिटारवादक वॉल्टर बेकर यांनी १९९०च्या दशकाच्या मध्याला एका व्यंगलेखात गिटारी जमवत राहण्याच्या विकाराला ‘गिटार अ‍ॅक्विझिशन सिंड्रोम’ असे भारदस्त वैद्यकीय नाव दिले. त्याची आद्याक्षरे जुळवली की ‘गॅस’ होतो. पोटातल्या वायूची आठवण हा त्यातला खोडसाळपणा. पुढे ‘गिटार’च्या जागी ‘गिअर’ हा व्यापक शब्द आला, आद्याक्षर तेच राहिले, आणि छायाचित्रकारांसह इतर छंदांतही हे निदान पसरले. बेकर यांच्या लेखात बोच आहे, कारण लिहिणारा स्वतःच रोगी असून स्वतःलाच हसतो आहे. परंतु हजारोंच्या तोंडी रुळल्यावर ती बोच उरत नाही. २०२१ मध्ये हडर्सफील्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने याच नावाचा संशोधनग्रंथ काढला, म्हणजे विनोद आता संज्ञा झाला. प्रयोजनमूलक लक्षणा रूढ झाली की प्रयोजन विसरले जाते. येथे उपहास विसरला गेला, आणि त्याने मिळवून दिलेली मुभा मात्र मागे उरली.

ही मुभा कोणती, हे मराठीशी ताडून पाहिल्यास स्पष्ट होते. ‘खूळ’ हा शब्द बहुधा घरच्यांच्या तोंडचा असतो. आरोप करणारा एक आणि आरोपी दुसरा, त्यामुळे वादाला जागा राहते. ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण हौस करणाऱ्याच्या बाजूची खरी, पण तीही मोलाचे नाव घेऊनच मोल नाकारते. खर्च झाला आणि तो मी केला, एवढे तिच्यात गृहीत असते. ‘मला गॅस झाला आहे’ या वाक्यात मात्र आरोपी, फिर्यादी आणि वैद्य एकच आहेत. रोग कोणी करत नाही, तो होतो. म्हणून कर्ता नाहीसा होतो, आणि कर्त्याबरोबर जबाबदारीही. सूझन सोन्टॅग यांनी १९७८ मध्ये रोगाच्या रूपकांवर लिहिताना, ही रूपके खऱ्या रुग्णावर दोषाचे ओझे कसे लादतात हे दाखवले होते. येथे रूपकाचे कार्य उलटे आहे. धडधाकट माणूस रोगाची भाषा उसनी घेतो ती दोषातून सुटण्यासाठी.

यावर असे म्हणता येईल की स्वतःला हसू शकणारा ग्राहक बाजाराला पुरता वश झालेला नसतो. ‘प्लास्टिक फँटॅस्टिक’ म्हणणाऱ्याबाबत हे मान्य करावे लागेल. त्याचे हसू वस्तूची पारख करते. परंतु ‘गॅस’चे हसू पारख करीत नाही. पुढली वस्तू कशी आहे याविषयी ते काहीच सांगत नाही, ती येणारच एवढे सांगते. बाजाराला विरोधाची भीती असेल, अशा कबुलीची नाही. म्हणून या बोलीकडे पाहताना ती विनोदी आहे की नाही, हा प्रश्न गौण ठरतो. विनोदाचा रोख वस्तूकडे आहे की स्वतःच्या सुटकेकडे, हे पाहिले पाहिजे. पहिल्या प्रकारच्या शब्दांनी भाषा श्रीमंत होते. दुसऱ्या प्रकारच्या शब्दांनी फक्त कपाटे भरतात.